तुझ्या हाताचं म्हणून घेतलेलं सूत

सुकवाराबाई, तू मला फसवलंस. मागचे दोन हिवाळे तुझ्या सुनेनं कातलेलं सूत तू तुझ्या हाताचं म्हणून माझ्या पदरात टाकलंस. मीही ते तुझंच समजून घेतलं, विणलं, विकलं, आणि त्यातली एक शाल स्वतःच्या अंगावर घेऊन गोंदियाच्या बाजारातून मिरवत फिरले.

लोकरीच्या धंद्यात मला तीस वर्षं झाली. लुधियानाचा एजंट असो की रायपूरचा, मला गंडवून गेलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मी दुकानात बसून सगळ्यांना सांगते. तू ऐकलं आहेस ते. तू ते ऐकून मान हलवायचीस आणि पदराच्या टोकानं तोंड पुसायचीस. हसू पुसत होतीस, हे मला आता कळतं.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तू असताना आपण दोघींनी दुसरं केलं काय? बावीस वर्षांत एकदा तरी तू दिलेली सुताची लच्छी मी मुकाट्यानं घेतली का? आता एकदम गोड बोलायला लागले तर तूच म्हणशील, हिची तब्येत बिघडली.

आपली पहिली भेट सालेकशाच्या आठवडी बाजारात झाली. तेव्हा माझं दुकान नव्हतं. दवनीवाड्याहून गोंदियात राहायला आलेली मी बाई, मिलच्या लोकरीचे गोळे आणि मीच विणलेल्या कानटोप्या गाठोड्यात बांधून बाजारोबाजार फिरत होते. तू पोत्यावर सहा-सात लच्छ्या मांडून बसली होतीस. काळ्या मेंढरांची लोकर, टकळीवर कातलेली. मी एक उचलली. कुठे करंगळीएवढी जाड, कुठे दोऱ्यासारखी बारीक, आणि मधूनच मधाच्या रंगाचं काहीतरी चमकत होतं.

"हे सूत हाय का रस्सी?" मी विचारलं.

"घ्याचं असन त घे," तू म्हणालीस. "पन आधी हात पूस. भजे खाल्लेस तू. तेल लावून राहिली माह्या सुताले."

खाल्ले होते भजे. हात पुसून मी माझं काम सुरू केलं. माल घ्यायचा असला की आधी त्याची खोड काढायची, हे मी कोणाकडूनही शिकले नाही, पोटानं शिकवलं. जाडी सारखी नाही. पीळ कुठे घट्ट, कुठे सैल. मेंढराचा वास गेलेला नाही. गाठी आहेत. मी बोटांवर मोजून सांगितलं आणि तू सगळं ऐकून घेतलंस. माझं संपल्यावर म्हणालीस, "बराबर सांगतलंस. आता चांगलं काय हाय ते सांग. मंग भाव करू."

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी त्या लच्छीकडे परत बघितलं. तो मधासारखा रंग कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा होता. तुमच्याकडे ऐनाच्या झाडांवर कोसा पाळतात, त्यातले किडा भोक पाडून निघून गेलेले फुटके कोसे कोणी घेत नाही. ते तू उकळून, बोटांनी पिंजून, कातता कातता काळ्या लोकरीत सोडत होतीस. मी म्हटलं, "हे चमकते ते चांगलं हाय." तू म्हणालीस, "येक झालं. अजून?" त्या दिवशी तू माझ्याकडून चार चांगल्या गोष्टी वदवून घेतल्यास आणि मग भाव सांगितलास. सगळ्या लच्छ्या घेऊन मी गाडीत बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, खोड काढून भाव पाडण्याऐवजी मी स्वतःच्या तोंडानं तो वाढवला होता.

मग मी ते सूत वाया घालवलं. मला तेव्हा वेणीची नक्षी फार छान यायची. सहा टाक्यांची वेणी, दोन्ही बाजूंना उलट टाके, मध्ये जाळी. ते सगळं मी तुझ्या सुतात घातलं. पंधरा दिवस डोळे फोडून स्वेटर विणलं आणि अंगावर धरलं तर ते ओल्या गोणपाटासारखं दिसत होतं. वेणी कुठे दिसेना, जाळी कुठे दिसेना, वर डावी बाजू उजवीपेक्षा चार बोटं खाली. मी ते घेऊन भांडायला आले. भर बाजारात तुझ्यापुढे टाकलं.

तू ते मांडीवर पसरलंस. खूप वेळ हात फिरवलास. मला वाटलं, लाजली. तू म्हणालीस, "सूतच बोलून राहिलं, तू मधात कायले बोलतेस?"

त्या वेळी माझं डोकं सणकलं होतं. पण आज माझ्या दुकानात हातकताईचं सूत घ्यायला जी येते, तिला मी तुझंच सांगते. जाड सुया घे. सगळं सुलट वीण, नक्षी करू नको. विणायच्या आधी लच्छी रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडव, पिळू नको, दोरीवर टांग आणि खाली लोटा अडकव, म्हणजे जास्तीचा पीळ निघून जातो. माझं स्वेटर तिरकं गेलं ते त्या पिळानं, हे तू मला सांगितलंस, तेही तीन आठवड्यांनी, तोवर मला तुझ्या सुताला शिव्या देऊ दिल्यास. दोन लच्छ्या एकदम सुरू कर, दोन ओळी हिच्या, दोन ओळी तिच्या, नाहीतर अर्धं स्वेटर काळं आणि अर्धं करडं होतं. लागेल त्यापेक्षा एक लच्छी जास्तीची घे, कारण तशीच दुसरी परत मिळत नाही. तू स्वतःसुद्धा ती परत कातू शकत नव्हतीस. मी एकदा हट्ट केला होता, मागच्या वेळचीच पाहिजे म्हणून. तू विचारलंस, "मागच्या वर्साचा आंबा यंदा जसाचा तसा खाल्लास का?"

मागे बालाघाटची एक सुशिक्षित बाई दुकानात आली. मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाली, याला आर्ट यार्न म्हणतात, मुद्दाम ओबडधोबड कातलेलं शोभेचं सूत, आणि तिला नातवाच्या पायमोज्यांसाठी पाहिजे होतं. मी दिलं नाही. "गाठ तळपायाला टोचते, पोर रडेल, आणि तू नावं मला ठेवशील," मी तिला म्हटलं. ती रागावली. मग मी तिला तुझी पांढऱ्या लोकरीची, पळसाच्या फुलांत रंगवलेली लच्छी उजेडात नेऊन दाखवली, ट्यूबलाइटखाली नाही, दुकानाच्या पायरीवर. सगळ्यात बारीक जागा धरून ओढायला लावली, सगळ्यात जाड गाठ दाबायला लावली. दाबल्यावर गाठ कडक लागली तर पीळ जास्त, पोकळ लागली तर चार दिवसांत तिथे गोळे येणार. तुझी गाठ दाबली की हळूच परत फुगायची. ती बाई दोन लच्छ्या घेऊन गेली आणि गळ्याभोवतीचा पट्टा विणून दाखवायला परत आली. गळ्यात मारलेल्या मालापेक्षा नाही म्हटल्यावरही परत आलेलं गिऱ्हाईक मोठं, हेही मला तुझ्यामुळे कळलं. पण हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू भाव वाढवला असतास.

आता ललिताचं. त्यावर आपलं भांडण अर्धं राहिलं आहे.

तुझ्या सुनेला तू कातायला शिकवलंस, तेव्हा ती नवीन होती, घाबरट होती. चार वर्षांपूर्वी तू तिला बाजारात घेऊन आलीस. तिनं तिची पहिली लच्छी माझ्यापुढे ठेवली. एकसारखी, सरळ, कुठे गाठ नाही, कुठे सैल नाही. दुसऱ्या कोणी शाबासकी दिली असती. मी म्हटलं, "हे मशिनीचं सूत हाय. मिलचे गोळे माझ्याकडे ढीगभर पडले हाय, तुझे कायले घेऊ?" आजूबाजूच्या चार बाया हसल्या. ललितानं लच्छी उचलली आणि ओच्यात घातली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, ते मी बघितलं. बघून मी पुढच्या लच्छीला हात घातला.

बाजार उठेपर्यंत तू लच्छ्या मोजत राहिलीस. मग म्हणालीस, "तिचा हात बसन."

"बसला का सांग. तवर मी तुझ्या हाताचंच घेईन. दुसऱ्याचं हातभर नको."

"माह्या हाताचं कधीवरी?"

"तू मरेपर्यंत," मी म्हटलं. गंमत म्हणून म्हटलं. तू हसलीससुद्धा.

त्यानंतर माझं दुकान वाढलं. दोन शटर झाले. बाजारोबाजार फिरणं सुटलं. तुझं सूत तुझ्या गावाहून, दरेकशाहून, गाडीनं ललिता आणायला लागली. गाडी पाऊण-एक तासाची आहे. मी विचारायचे, "बाई कशी हाय?" ती म्हणायची, "बरी हाय." मी लच्छी हातात घ्यायचे. गिऱ्हाइकांपुढे मला एक नाटक करायची सवय आहे, डोळे मिटून सूत बोटांवरून सोडायचं आणि कोणाच्या हातचं ते सांगायचं. मी डोळे मिटायचे आणि ललिताच्या तोंडावर म्हणायचे, "वा. बाईचा हात वयानं अजून गोड झाला." ती उभी राहून पाणी प्यायची. गाठी बरोबर तिथेच पडलेल्या, कोसा बरोबर तिथेच उमललेला, पीळ भक्कम. असं सूत काढणारी बाई धडधाकट असणार, मला वाटायचं. सूत हीच तुझी खुशाली होती माझ्यासाठी. म्हणून मी आले नाही. दोन वर्षांत एकदाही आले नाही.

ललिताचा फोन सकाळी आला. "आई गेली," एवढंच म्हणाली. दुकानात बटणांचा व्यापारी बसला होता. मी फोन ठेवला, त्याच्याशी घासाघीस पुरी केली, माल उतरवून घेतला, त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मग मिलच्या गोळ्यांच्या पोत्यावर जाऊन बसले. शेजारचा दुकानदार विचारायला आला, "भाभी, तबियत ठीक है ना?" मी त्याच्यावर ओरडले.

दहाव्याला मी तुझ्या घरी आले. तुमच्या घरची रीत मला ललितानंच सांगितली. कातणारी गेली की तिची टकळी दहाव्यापर्यंत कोणी हलवत नाही. दहाव्याला ती खाली काढायची, तिच्यावर राहिलेलं सूत उतरवायचं आणि घरातल्या एकीनं ती हातात घ्यायची. ललितानं आढ्याजवळच्या खुंटीवरची टकळी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "सूत तुम्हीच उतरवा. तुमचा मान हाय."

मी ती उचलली. टकळीच्या चकतीखाली कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. एक नाही, तीन. एकावर एक, वाळून दगड झालेली. त्यांच्या आत सूत अडकलं होतं, हातभर, धूळ बसून राखेच्या रंगाचं झालेलं.

मी धंदेवाली बाई आहे. माल किती दिवस पडून आहे ते मला बघून कळतं. मी विचारलं, "ललिता, ही टकळी कधीची खुंटीवर हाय?"

तिनं टकळीवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाली, "दोन वर्स होऊन गेले."

"मग मी नेलं ते सूत कोणाचं?"

"माझं."

घरात पाहुणे होते. मी आवाज चढवला नाही, म्हणजे फार चढवला नाही. ललितानं मला मागच्या पडवीत नेलं आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तुला लकवा मारला. तोंड सुधारलं, पाय सुधारला, उजवा हात तसाच राहिला. अंगठा आणि बोट जुळेना. टकळीला गिरकी देता येईना.

"मंग मला कळवलं काऊन नाही?"

"आईच नाही म्हने. दुकानवाली दुसऱ्या हाताचं घेत नाही, सूत बंद करन म्हने."

तिनं मला माझेच शब्द परत ऐकवले नाहीत. तशी गरजही नव्हती.

मग ती म्हणाली, "पन नुसतं माझं नाही ते." तू तिच्याजवळ खाटेवर बसायचीस, डावा हात तिच्या खांद्यावर ठेवून. ती कातायची. तू डोळे मिटून टकळीचा आवाज ऐकायचीस. कुठेतरी तू म्हणायचीस, "हूं." "त्या हूं म्हनल्या का मी कोसा सोडत होती. परत हूं म्हनल्या का हात ढिला करत होती. मले काही समजे नाही का आताच काऊन. त्या म्हनेत, तू नको समजू, सोड."

दोन वर्षं. सगळ्या लच्छ्या. मी डोळे मिटून बोटांनी तुझ्या गाठी ओळखल्या, आणि चुकले नव्हते. तरी फसले. यात कोणी कोणाला किती लुटलं, याचा हिशोब मला अजून लागत नाही. बाई, तुझं "हूं" माझ्या शालीत किती ठिकाणी आहे ते मी मोजायला बसले होते. एकशे सत्तरपर्यंत गेले आणि मग मला रडू आलं, म्हणून सोडलं.

पडवीतून उठताना मी ललिताला म्हटलं, "पुढचं सूत आण. तुझ्या नावानं ठेवते दुकानात."

"माझं त मशिनीचं सूत हाय ना," ती म्हणाली. चार वर्षं तिनं ते ओच्यात बांधून ठेवलं होतं. घाबरट राहिलेली नाही ती आता, तुझ्या हाताखाली राहून माणूस घाबरट राहीलच कसा. मी माफी मागितली. मला ती नीट मागता येत नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी माझी नजर चुकली." ती म्हणाली, "नजर नाही चुकली, तोंड चुकलं." मी कबूल केलं.

मग ती म्हणाली, "आनीन त मी. पन आता हूं कोन म्हनन?"

मी तिला म्हटलं, जिथे तुला वाटेल तिथे सोड. तिनं परवा एक लच्छी पाठवली. गाठी तुझ्या जागी नाहीत. एक तर एकदम सुरुवातीला आहे, मग कितीतरी हात सरळ, मग तीन लागोपाठ, जसं कोणी आधी गप्प बसावं आणि मग एकदम बोलायला लागावं. कोसा कमी आहे. मी उजेडात नेऊन ओढली, दाबली. गाठ परत फुगते. मी जाड सुयांवर चाळीस टाके घातले आहेत, सगळं सुलट, आणि मधात बोलत नाहीये. काय होतं बघू. नमुना धुऊन झाल्यावर तिला सांगेन, आणि यातलं चांगलं काय ते आधी सांगेन.

पण तुझी सुटका नाही.

मी निघताना ललितानं अजून एक गोष्ट सांगितली. सांगायची नव्हती तिला, मी आग्रह केला. गोंदियाची दुपारची गाडी दरेकशाला थांबून पुढे गेली की तू खाट दाराकडे वळवून घ्यायचीस. स्टेशनावरून वाडीपर्यंत माणूस चालत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ बघायचीस. मग म्हणायचीस, "आज बी नाही आली," आणि ललिताला टकळी घ्यायला सांगायचीस. मी ललितावर चिडले. "मला एक फोन करता आला नाही का तुला?" तिला म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही आल्या असत्या त फोनची काय गरज होती?"

त्या परतीच्या गाडीत बसल्यापासून मी हेच घोळवते आहे. तुला वाटलं, हात गेला हे कळलं तर मी सूत बंद करेन. बाई, कदाचित केलंही असतं. मी स्वतःला ओळखते, त्या दिवशी मी तेच बोलले होते. पण आले असते. लच्छी नसती, टकळी नसती, तुझा हात नुसता मांडीवर पडलेला असता, तरी मी आले असते, खाटेच्या कडेला बसले असते, तुझ्या घरच्या काळ्या चहाला नावं ठेवली असती, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले असते. दर आठवड्याला. हे तुला ठाऊक नव्हतं? बावीस वर्षं माझ्याशी भांडून तुला माझ्यातलं एवढंही दिसलं नाही? की मी एवढी वर्षं नुसतं सूतच विचारत राहिले आणि दिसण्यासारखं काही ठेवलंच नाही?

तू मला बोलावलं नाहीस आणि मी आले नाही. दोन वर्षं गेली, ती आता कुठून आणायची? दोघींपैकी एकीनं याचा जवाब द्यायलाच पाहिजे, आणि मला एकटीला तो देता येत नाही. सांग, बाई.